झाकणावरचा पिवळा ठिपका

मिस्त्री रामराम करायच्या आधी समोरच्याच्या हाताचा वास घेतो, असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं, पण फार खोटंही नव्हतं. तेल मोजायच्या पट्टीवरचा थेंब तो आधी बोटांत चोळायचा, मग नाकाशी न्यायचा आणि तरी मन भरलं नाही तर जिभेच्या शेंड्यावर टेकवायचा. मग पचकन थुंकायचा आणि निकाल द्यायचा. पाणी शिरलंय. रॉकेल मिसळलंय. हे तेल नाही, काजळीचा काढा आहे. तोंडावर सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, पाठ फिरली की हुंग्या. त्यालाही ते ठाऊक होतं. पाठीमागं कोण काय म्हणतं ते ठाऊक असणं हाच त्याचा निम्मा धंदा होता.

उरलेला निम्मा धंदा म्हणजे सैन्यानं मोडीत काढलेले डिझेल जनरेटर. लिलावात ते लॉटनं मिळायचे. शेवाळी हिरव्या रंगाचे, गाभण म्हशीसारखे जड, अंगावर पांढऱ्या रंगात छापलेले आकडे. कुठल्या चिखलात राहिले, कुणी हाताळले, का मोडीत निघाले, यातलं काहीएक कुणी सांगत नसे. मिस्त्री त्यांना धुऊन पुसून, उघडून, डिझेलचा फवारा मारणारं नोझल बदलून, वायरी ओढून पुन्हा उभं करायचा. मग ते भाड्यानं किंवा विकत जायचे. कुणाच्या बर्फाच्या कारखान्यात, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या पिठाच्या गिरणीवर.

सैन्याचं यंत्र त्याला मनापासून आवडायचं, कारण ज्यानं ते बनवलं त्यालाही जगात कुणाचा भरवसा नव्हता. डिझेलला एक गाळणी पुरली असती, तिथं एकापुढं एक गाळण्या. हरवू नये म्हणून टाकीच्या झाकणाला साखळी. न वाचणाऱ्यालाही कळावं म्हणून पत्र्यावर चित्रं. तेल कमी झालं किंवा पाणी तापलं की यंत्र कुणाला न विचारता आपलं आपण बंद पडायचं. आणि या सगळ्याच्या वर, लाल झाकणाखाली एक बटण. मिस्त्री त्याला लढाईचं बटण म्हणायचा. ते दाबलं की यंत्र स्वतःचं ऐकायचं बंद करतं. तेल संपो, पाणी उकळो, ते चालत राहतं, मरेपर्यंत. लढाईत दिवा विझण्यापेक्षा यंत्र मेलेलं परवडतं, म्हणून ती सोय. मिस्त्रीनं आपल्या आवारातल्या एकूण एक जनरेटर सेटवरचं ते लाल झाकण तारेनं बांधून वर शिशाचं सील मारलं होतं. यंत्रानं स्वतःचं ऐकायचं सोडलं की त्याची माती झालीच म्हणून समजा, असं तो गिऱ्हाइकाला दम देऊन सांगायचा.

हा संशय काही तो आईच्या पोटातून घेऊन आला नव्हता. उमेदवारीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकानं सांगितलं, तेल भरलंय, आणि यानं पट्टी न बघता चावी मारली. इंजिन तिथल्या तिथं आवळून जाम झालं. वस्तादानं हात उचलला नाही की शिवी दिली नाही. जळून निळा पडलेला बेअरिंगचा तुकडा त्यानं पोराच्या जेवणाच्या डब्यात, अन्नाला टेकवून ठेवला आणि जेव म्हणाला. तेव्हापासून कुणी उजेड आहे म्हणालं तरी मिस्त्री खिडकी उघडून बघायचा.

आवार आणि घर एकाच कुंपणात होतं. एका अंगाला पत्र्याची शेड, तिच्यात आणि तिच्यापुढं रांगेनं उभे असलेले सेट. दुसऱ्या अंगाला दोन खोल्या, मधे कपडे वाळत घालायची दोरी. आतल्या खोलीत मिस्त्रीची बायको वाइंडिंग करायची. जळालेल्या कॉइलची तांब्याची तार उसवून नवी भरणं, दोऱ्यानं बांधणं, वार्निश मारणं हे काम तिनं लग्नानंतर नवऱ्याचं बघून उचललं आणि नवऱ्याच्या पुढं गेली. मिस्त्रीनं आयुष्यात कुणाचं काम दुसऱ्यांदा तपासलं नसेल, तर ते तिचं.

आणि धंद्यातला भागीदार म्हणजे तिचाच पाठचा भाऊ. मेहुणा. मिस्त्रीच्या अगदी उलट्या मुशीतला. येणाऱ्याला आधी बस म्हणणारा, मग काय काम विचारणारा. लिलावाला तो जायचा, गिऱ्हाईक तो जोडायचा, डिझेलची पिंपं तो आणायचा, सेट पोचवायचा आणि शिव्याही तोच खाऊन यायचा. मिस्त्रीला बोलता येत नव्हतं आणि मेहुण्याला पाना धरता येत नव्हता. त्यामुळं दोघांचं बरं चाललं होतं.

एक दिवस मिस्त्रीनं टाकीत पट्टी बुडवली आणि त्याला वाटलं, डिझेल कमी आहे.

तेवढंच. पण मनात शंकेची पाल एकदा चुकचुकली की मिस्त्रीला झोप गोड लागत नसे. आवाराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडं होती. मेहुण्यानं अलीकडं नवे बूटही घेतले होते. मिस्त्री त्या बुटांकडं असं बघायचा, जणू त्यांच्या टाचेतून डिझेल गळतंय.

त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. सांगणार काय, तिचाच भाऊ. आपणच नजर ठेवायची ठरवलं. रोज सकाळी तोंड धुतलं की तो आवारात जायचा आणि एकेक सेट चालू करायचा. पूर्वीही करायचा, पण ते घोटभर चहा निवायच्या आत उरकायचं. चालू झाला, धडधडला, बंद. आता तो लांब लोखंडी सळई घ्यायचा, एक टोक इंजिनावर, दुसरं कानाशी, आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. कुणी नोझल तर बदललं नाही? कुणी काही काढून जुनं तर बसवलं नाही? एका नोझलाचा आवाज खात्रीचा वाटला की दुसऱ्याचा किंचित वेगळा वाटायचा, म्हणून पुन्हा पहिलं ऐकायचं. सेट बिचारा रिकामाच धडधडत राहायचा. ना दिवा, ना पंखा, ना मोटर. आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवली की डिझेल आणखी कमी.

पुढं सायलेन्सरच्या जोडातून काळं गळायला लागलं. दाट, चिकट, डांबरासारखं. सेटच्या हिरव्या अंगावरून काळे ओघळ आले, जणू म्हैस रडतेय. मिस्त्रीनं बोट लावलं, हुंगलं. काजळी आणि कच्चं डिझेल.

आता ही गोष्ट त्याला नवी नव्हती. उलट हा त्याचा पाठ केलेला धडा होता. यंत्र फार वेळ रिकामं चालवलं की तापत नाही, तापलं नाही की डिझेल अर्धकच्चं जळतं आणि तोच गाळ सायलेन्सरमधून पाझरतो. सलूनवाल्यानं दोन पंख्यांसाठी मोठा सेट नेला तेव्हा मिस्त्रीनं त्याला दुकानात उभं करून झापलं होतं. हत्तीला शेळीच्या कामाला लावलंस तर तो आजारीच पडणार, म्हणून. पण इथं ते कारण लागूच पडत नाही, असं त्याचं ठाम मत झालं. आवारातले सेट चालतातच कुठं? नुसते उभे आहेत. म्हणजे खोट डिझेलात. कुणीतरी चांगलं काढतंय आणि वर रॉकेल नाहीतर जुनं तेल ओततंय. कुठंतरी पाणी मुरतंय, आणि कुठं ते त्याला दिसतही होतं. नव्या बुटांच्या दिशेला.

मिस्त्रीनं सापळा लावला. कारागीर लोक बोल्ट आवळला की बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाचा एक ठिपका देतात. बोल्ट हलला की ठिपका तुटतो. तसा त्यानं पिवळ्या रंगाचा ठिपका टाकीच्या प्रत्येक झाकणावर दिला, निम्मा झाकणावर, निम्मा टाकीवर, आणि स्वतः पट्टी बुडवली की नव्यानं द्यायचा. सकाळी जाऊन बघायचा. ठिपका अखंड.

दुसरा माणूस असता तर म्हणाला असता, सुटलो, चोर नाही. मिस्त्री म्हणाला, चोर हुशार आहे. ठिपका तोडून परत रंगवत असणार. म्हणून त्यानं रंगाचा डबा पलंगाखाली लपवला. तरी ठिपका अखंड, आणि तरी काळं गळतंच. मग त्यानं पंपावर संशय घेतला आणि स्वतः पिंप घेऊन गेला. पंपवाल्याच्या नाकासमोर डिझेल हुंगलं, त्यावरून तिथं हमरीतुमरी झाली. घरी येऊन चटणीच्या रिकाम्या बाटल्यांत नमुने भरून खिडकीत ओळीनं मांडले. बायकोनं विचारलं, हे काय? तो म्हणाला, काही नाही. तिनं बाटल्या उचलून खाली ठेवल्या आणि खिडकीत परत आपल्या वार्निशचे डबे मांडले.

अशात अंडीवाल्या बाईंचा निरोप आला. त्यांचं अंडी उबवायचं केंद्र होतं, मोठमोठी कपाटं, आत ट्रे, ट्रेमधे अंडी. वीज गेली आणि कपाटं निवली की सगळी पिल्लं कवचातच संपणार. त्यांना कायमचा एक सेट हवा होता. मेहुण्यानं हे गिऱ्हाईक जोडायला जिभेची झिलई घालवली होती. आवारातला सगळ्यात चांगला सेट पुसून, टाकी भरून त्यानं तिकडं नेला.

चाचणीला मिस्त्रीही गेला. बाईंनी मेन स्विच पाडला, सेट चालू झाला, आणि कपाटांचा लोड येताच त्याचा श्वास कोंडला. आवाज बसला, दिवे लाल झाले, सायलेन्सरनं पांढऱ्या भिंतीवर काळी पिचकारी मारली. बाईंनी घाईनं सरकारी वीज परत जोडली.

"मिस्त्री," बाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "माझी अंडी याच्या भरवशावर ठेवू?"

मिस्त्रीला बाजारातलं आपलं नाव जाताना दिसलं. आणि इतके दिवस दाताखाली धरलेलं तोंडातून निसटलं.

"मला काय विचारता? डिझेल कुणी भरलं ते विचारा याला. घरातच उंदीर असल्यावर मी काय करणार?"

तिथं बाई होत्या, त्यांचे दोन कामगार होते. मेहुणा बोलून चालून बडबड्या, पण तेव्हा तो भिंतीकडं वळला. त्यानं रुमालानं भिंतीवरची काजळी पुसायचा प्रयत्न केला, ती आणखी पसरली. मग बाईंकडं त्यानं आठवड्याची मुदत मागितली. बाईंनी त्याच्या तोंडाकडं बघून दिली. सेट घेऊन आवारात परत आल्यावर त्यानं किल्ली खिशातून काढून हत्यारांच्या पेटीवर ठेवली.

"दाजी, झाकणावरचे ठिपके मी पहिल्याच दिवशी बघितले. म्हटलं, यंत्राचं काही असेल." तो फाटकाकडं वळला. "ताईला सांगा, मी उद्यापासून येत नाही."

आणि नव्या बुटांनी गेला. ते बूट त्याच्या सासऱ्यानं दिले होते, हे मिस्त्रीला पुढं कळलं.

घरात बायको कॉइलला दोरा बांधत होती. भाऊ न जेवता, न बोलता फाटकातून गेलेला तिनं खिडकीतून पाहिला होता. तिनं सगळं विचारून घेतलं आणि मिस्त्रीनं सगळं सांगितलं, डिझेल, ठिपके, बाटल्या, अंडीवाली. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. तिचा दोरा थांबला नाही.

"सकाळी तुम्ही ते सेट किती वेळ चालवता?" तिनं विचारलं.

"चालवत नाही. ऐकतो फक्त."

"ऐकता ना. किती वेळ?"

मिस्त्री म्हणाला, असाच, दोन मिनिटं.

बायकोनं दोरा दातानं तोडला. उठून तिनं कोपऱ्यातून कपड्यांचं गाठोडं आणलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. चादरी. धुतलेल्या, आणि तरी करड्या, ठिकठिकाणी काजळीचे बारीक ठिपके.

"पूर्वी चहा उतू जायच्या आत तुमची धडधड थांबायची. आता मी कपडे धुते, पिळते, वाळत घालते, ते काळे होतात, काढून परत धुते, तरी तुमचं ऐकणं सरत नाही. तीन वेळा दोरी मागं सरकवली मी. अजून सरकवली तर शेजारणीच्या दारात जाईल." मग ती परत खाली बसली. "त्या सलूनवाल्याला काय बोलला होतात हो तुम्ही? हत्ती आणि शेळी असं काहीतरी?"

मिस्त्रीनं चादर नाकाशी नेली. काजळी आणि कच्चं डिझेल.

त्यानं चादर परत गाठोड्यात कोंबली. डिझेल कुठं गेलं तेही कळलं. नेणारा रोज सकाळी सळई कानाला लावून बसायचा. कमी झालं म्हणून ऐकायचं, ऐकलं म्हणून आणखी कमी व्हायचं.

"प्रत्येक सेटवरचं ते लाल बटण सील करून ठेवलंत," बायको परत दोरा घेत म्हणाली, "आणि स्वतःच्या डोक्यातलं कधीचं दाबून ठेवलंय. तेल संपलं, पाणी उकळलं, माझा भाऊ उठून गेला, तुमचं आपलं चालूच."

मिस्त्रीनं गाठोडं परत कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

सकाळी पहिल्यांदाच आवारातून धडधड आली नाही. मिस्त्रीनं अंडीवाल्या बाईंकडून आलेल्या सेटचा सायलेन्सर उतरवला. आत बोटाएवढा जाड गाळ. यावर औषध एकच, आणि तेही त्याला पाठ होतं. यंत्राला कष्ट द्यायचे. भरपूर लोड टाकायचा, तापवून तापवून आतला गाळ जाळून काढायचा. पण एवढा लोड आणायचा कुठून? पाणी तापवायच्या कॉइली हव्यात, विजेची मोठी शेगडी हवी, वेल्डिंगचं मशीन हवं. त्यासाठी गल्लीत दारोदार मागायला जायला हवं. मिस्त्री वेल्डरच्या दारापर्यंत गेला. वेल्डर म्हणाला, मशीन देतो, पण परत घेताना तूच मला म्हणशील की मी त्यात काहीतरी केलं. धोबी म्हणाला, कॉइल धुवायला टाकलीय. मिस्त्री आल्या पावली फिरला. ज्याला गल्ली मागेल ते देते असा एकच माणूस होता, आणि त्याची किल्ली अजून पेटीवर पडलेली होती.

मेहुण्याच्या दारात गेल्यावर मिस्त्री चप्पल न काढताच उभा राहिला. मेहुणा दाढी करत होता. त्यानं आरशातूनच बघितलं.

"सेट रिकामा चालून चालून तुंबलाय," मिस्त्री म्हणाला. "लोड टाकायला हवा."

"रिकामा कुणी चालवला?"

मिस्त्रीनं पायातली चप्पल काढली. मग म्हणाला, "मी."

मेहुण्यानं गालावरचा उरलेला फेस काढला. पातं धुतलं, पुसलं, ठेवलं. आत आपल्या बायकोला हाक मारून दोन चहा सांगितले.

"आणि डिझेल कुणाचं घालायचं?"

"तुझंच. आहे तेच."

"हुंगून घेतलं ना?"

"घेतलं," मिस्त्री म्हणाला. "चांगलं आहे."

दुपारपर्यंत आवारात जत्रेसारखं सामान जमलं. मेहुण्यानं वेल्डरला मशीनसकट आणलं, धोब्याकडून वाळलेली कॉइल आणली, वसतिगृहाच्या स्वयंपाक्याकडून शेगडी, आणि कुणाकुणाच्या घरून पाण्याच्या कॉइली. पिंपं पाण्यानं भरली, कॉइली सोडल्या. मिस्त्रीनं ठिणगी पडायला नको म्हणून ताडपत्री लांब सारली, वाळूच्या बादल्या जवळ ठेवल्या आणि सेट चालू केला. आधी थोडा लोड. मग आणखी. सेट खोकला, काळा धूर ओकला, सायलेन्सरमधून डांबर उडालं. मेहुणा एकेक कॉइल जोडत होता. मिस्त्री तापमानाच्या काट्यासमोर उभा, सळई कानाला न लावता. सायलेन्सरमधून ठिणग्या निघायला लागल्या तेव्हा बघे चार पावलं मागं सरले. आवाज हळूहळू भरला, खर्जात गेला. धूर काळ्याचा करडा झाला, मग फिका झाला, आणि शेवटी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती तापलेली हवा थरथरताना दिसायला लागली.

पिंपांत पाणी खळाळत होतं. बायको करड्या चादरींचं गाठोडं घेऊन आली. तिच्या पाठोपाठ शेजारणी गोधड्या, पडदे, काय काय घेऊन आल्या. फुकटचं कढत पाणी कोण सोडतंय? वेल्डरनंसुद्धा घरी जाऊन आपला कोट आणला.

मुदतीच्या आत सेट परत अंडीवाल्या बाईंकडं गेला. भिंत त्यांनी रंगवून घेतली होती. मेन स्विच पाडला, सेट चालू झाला, कपाटांचा लोड आला आणि दिवे नुसते एकदा लवले. बाई बराच वेळ सायलेन्सरकडं बघत राहिल्या. मग, कदाचित सहज, कदाचित मुद्दाम, त्यांनी विचारलं, "या वेळी डिझेल कुणी भरलं?"

कामगार तिथंच होते. मिस्त्रीच्या मानेवर लाली चढली.

"यानं," तो म्हणाला. "मागच्या वेळीही यानंच भरलं होतं. चांगलंच होतं."

एवढं बोलणं त्याला एक आख्खं इंजिन उतरवण्याइतकं जड गेलं. मेहुण्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कपाटांत किती अंडी मावतात याची चौकशी बाईंकडं सुरू केली.

आवारात आल्यावर मेहुण्यानं पेटीवरची किल्ली उचलून खिशात टाकली. मग आत जाऊन ताईकडं पिवळ्या रंगाचा डबा मागितला. तिनं वाकून पलंगाखालून काढून दिला. मिस्त्रीला वाटलं, झाकणांवरचे ठिपके खोडणार असेल. झाकणांना त्यानं हातही लावला नाही. एकेका सेटसमोर बसून त्यानं चालू करायच्या खटक्यावर ठिपका दिला. निम्मा खटक्यावर, निम्मा पत्र्यावर.

"रोज ताई बघेल," तो मिस्त्रीला म्हणाला. "लोड नसताना खटका फिरला की मला सांगेल."

मिस्त्री ठिपक्यावर वाकला. रंग नीट वाळला का, ते त्यानं हुंगून बघितलं.

त्यानंतर कितीतरी दिवस चादरी पांढऱ्या वाळल्या आणि दोरी परत आपल्या जागेवर आली. पुढं एका सकाळी बायको कपडे वाळत घालायला निघाली, तर शेवटच्या सेटच्या खटक्यावरचा ठिपका तुटलेला. मिस्त्री पलीकडं पाठ करून पाने-पकडी पुसत होता, पुसलेलेच परत पुसत होता.

"हा कुणी फिरवला?" तिनं विचारलं.

"उंदीर असेल," मिस्त्री मागं न बघता म्हणाला.

तिनं ओली चादर दोरीवर झटकली, चिमटा लावला आणि भावाला निरोप द्यायला शेजारच्या पोरीला हाक मारली.